पावणेदोन भागिले अर्धा

भाचीने वही पुढे सरकवली तेव्हा माझ्या लॅपटॉपवर एका विद्यापीठाचं माहितीपत्रक उघडं होतं. एम.ए. शिक्षणशास्त्र. प्रवेशाच्या अटी, श्रेयांक, सत्रं, सगळं आठवडाभरात तीनदा वाचून झालं होतं. तिच्या वहीत एकच उदाहरण होतं, पावणेदोन भागिले अर्धा, आणि ते तिने सोडवलंही होतं. अर्ध्याला उलटं केलं, गुणलं, उत्तर आलं साडेतीन. मी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

ती हलली नाही.

“मावशी, भागलं की कमी होतं ना?”

“हो.”

“मग पावणेदोनाचे साडेतीन कसे झाले?”

“अगं, अपूर्णांकाने भागायचं असलं की उलटं करून गुणतात. म्हणून वाढतं.”

“ते येतं मला. उलटं का करतात, ते विचारतेय.”

मी पेन घेतलं. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग म्हटलं, समज पावणेदोन लिटर पाणी आहे आणि ते तुला नि तुझ्या भावाला अर्धं अर्धं वाटायचंय... आणि बोलता बोलताच लक्षात आलं की हे चुकतंय. अर्धं अर्धं वाटणं म्हणजे दोनाने भागणं. अर्ध्याने भागणं नव्हे. तिलाही ते कळलं असावं, कारण ज्या नजरेने ती माझ्याकडे पाहत होती ती नजर माझ्या ओळखीची आहे. पॉलिसीत नसलेल्या गोष्टीचे पैसे मागणाऱ्या माणसाकडे मी चौदा वर्षं तसंच पाहत आलेय.

“उद्या सांगते,” म्हणून मी वेळ मारून नेली.

मी एका विमा कंपनीत दावे तपासते. वय ४१, गणिताची पदवी, आणि तिचा टक्केवारी काढण्यापलीकडे फारसा उपयोग न झालेली चौदा वर्षं. गेली दोन वर्षं डोक्यात एकच किडा आहे: नोकरी सोडून शाळेत गणित शिकवायचं. का, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी निरनिराळी उत्तरं दिलीत. त्यातलं एकही पूर्ण खोटं नाही आणि एकही पूर्ण खरं नाही. ते असो.

‘का’पेक्षा ‘कोणती पदवी’ हा प्रश्न मला सोयीचा वाटायचा, कारण त्याचा तक्ता करता येतो. मी एक्सेलमध्ये केलाच. वर एम.एस्सी. गणित, एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड.; डावीकडे कालावधी, फी, प्रवेशाची शक्यता, नोकरीची शक्यता, आवड. प्रत्येकाला गुण, प्रत्येक गुणाला भारांक. बेरीज केली तर बी.एड. पहिलं आलं. ते मला आवडलं नाही, म्हणून ‘आवड’चा भारांक वाढवला. एम.एस्सी. पहिलं आलं. मग धास्ती वाटली की नुसत्या एम.एस्सी.वर शाळा घेतीलच कशावरून, म्हणून नोकरीचा भारांक वाढवला. अशा तीन रात्री गेल्या. नवरा एकदा मागून डोकावला आणि म्हणाला, “तू आकडे बदलतेयस की मन?” मी त्याला झोपायला पाठवलं.

त्या रात्री मात्र तक्ता उघडायचं धाडस झालं नाही. उद्या सांगते म्हटलं होतं आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

आमच्या कामात एक सवय लागते. पॉलिसीत काय काय मिळणार ते सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी काय वगळलंय ते वाचायचं. गंमत म्हणजे पदवीच्या माहितीपत्रकांना मी ही सवय लावलीच नव्हती. तिथे मी सामान्य ग्राहकासारखी हसऱ्या फोटोंवर भाळले होते. मग एका रविवारी लाल पेन घेऊन बसले.

पहिली गोष्ट हाती लागली ती अशी की ‘शिक्षण’ हा शब्द नावात असलेल्या सगळ्या पदव्या शिक्षक करत नाहीत. एम.ए. शिक्षणशास्त्र ही शिक्षण या विषयाचा अभ्यास करणारी पदवी आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, धोरण, मूल्यमापन, संशोधनपद्धती. फार चांगले विषय आहेत. पण भारतात ती घेऊन शाळेत शिकवायला उभं राहायचं म्हटलं तर बी.एड. कुठंय, असं विचारतील. एम.एड. हे नाव बी.एड.च्या वरचं वाटतं, आणि आहेही, पण त्याच्या दारात आधीची शिक्षक-प्रशिक्षणाची पदवी मागतात. ते शिक्षकांना शिकवणाऱ्यांसाठी आणि शाळा चालवणाऱ्यांसाठी आहे. इंग्लंडमध्ये पीजीसीई नावाचा साधारण वर्षभराचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम असतो, पण पीजीसीई वेगळी आणि ‘अर्हताप्राप्त शिक्षक’ हा दर्जा वेगळा. काही पीजीसीई असे आहेत की ते केले तरी तो दर्जा मिळत नाही, आणि हे पत्रकात असतं, पण खाली, बारीक अक्षरात. अमेरिकेत एम.एड. आणि एम.ए.टी. शेजारी शेजारी दिसतात. एम.ए.टी. ही बहुधा नव्याने शिक्षक होणाऱ्यांसाठी, विषय आणि अध्यापन दोन्ही जोडून घेणारी. हार्वर्डने ती १९३६ मध्ये सुरू केली, तीच मुळी विषयाचा विभाग आणि शिक्षणशास्त्राचा विभाग एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. (ते अजूनही फारसं बोलत नाहीत, असं दोन्हीकडच्या माहितीपत्रकांवरून वाटतं.)

फिनलंडचं नाव या विषयात कोणी ना कोणी काढतंच. तिथे १९७९ पासून प्राथमिकच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते, प्रबंधासकट. हे वाचून मला आधी वाटलं, बघा, म्हणजे जितकी मोठी पदवी तितका चांगला शिक्षक. पुढे वाचलं तेव्हा कळलं की त्या पाच वर्षांतला मोठा भाग विषय कसा शिकवावा यावर आणि विद्यापीठाशी जोडलेल्या सराव शाळांमध्ये जातो. पदवीचं नाव मोठं आहे, हे खरं. पण ती भरलीय कशाने, ते बघायला हवं.

याच वाचनात एक शब्द मला फार वेळ अडवून बसला. मास्तर.

ऑफिसात माझा बेत कळला तेव्हा एक सहकारी म्हणाला, “या वयात मास्तरीण?” त्यात कौतुक नव्हतं. मास्तर हा शब्दच असा आहे. आपण तो प्रेमाने कमी आणि खांदे उडवून जास्त वापरतो. आणि गंमत बघा, आपण ज्या ‘मास्टर्स डिग्री’साठी जिवाचं रान करतो, ती म्हणजे शब्दशः मास्तरकीची पदवी. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘मागिस्तेर’पर्यंत जातात आणि त्याचा एक अर्थ शिक्षक. ‘डॉक्टर’ हा शब्दही शिकवणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलाय. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत शिकून झालेल्याला जे मिळायचं ते ‘लिकेन्तिया दोकेन्दी’, म्हणजे शिकवण्याचा परवाना. १२३३ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने तुलूजच्या विद्यापीठाला सवलत दिली की इथे मास्टर झालेल्याने कुठेही शिकवावं, त्याची पुन्हा परीक्षा घ्यायची नाही. म्हणजे पदवी हाच परवाना होता. पुढच्या आठशे वर्षांत या दोघांची फारकत झाली आणि आता माझ्यासारखी माणसं एकाच्या घरी जाऊन दुसऱ्याचा पत्ता विचारत बसतात.

सहकाऱ्याच्या त्या वाक्याच्या मागे जे वाक्य असतं ते जॉर्ज बर्नार्ड शॉचं. ज्याला जमतं तो करतो, ज्याला जमत नाही तो शिकवतो. १९०३ सालच्या एका नाटकाच्या परिशिष्टातला टोमणा, पण शतकभर शिक्षकांच्या मानगुटीवर बसलाय. १९८६ मध्ये ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने त्याला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं होतं, ज्याला जमतं तो करतो आणि ज्याला समजतं तो शिकवतो. वाक्य टाळ्या घेणारं आहे म्हणून मला आधी त्याचा संशयच आला. पण त्याच लेखात त्याने १८७५ ची एक प्रश्नपत्रिका काढून दाखवलीय, कॅलिफोर्नियातली प्राथमिक शिक्षकांची परीक्षा. एकूण गुण १०००. त्यातले शिकवण्याच्या सिद्धांत आणि पद्धतीसाठी ५०. बाकी सगळा विषय, म्हणजे अंकगणित, व्याकरण, भूगोल. शंभर वर्षांनी पारडं पार उलटं झालेलं. शिक्षकांच्या परीक्षेत वर्गाचं नियोजन, शिस्त, मूल्यमापन सगळं विचारतात, पण विषयाचं काय, याची फारशी चौकशी नाही. शुलमनचा मुद्दा असा की दोन्ही वेळेला मधलं काहीतरी सुटलं. एखादी गोष्ट स्वतःला येणं आणि एखादा वर्ग सांभाळता येणं, यांच्या मध्ये एक तिसरं ज्ञान असतं: हा विशिष्ट धडा या वयाच्या मुलाला कुठे अडवतो, तो कोणत्या उदाहरणाने उलगडतो, आणि कोणतं उदाहरण दिसायला छान असूनही त्याला खड्ड्यात घालतं.

पावणेदोन लिटर पाणी. भावाबहिणीत अर्धं अर्धं.

आणि मग याच उदाहरणाशी माझी पुन्हा गाठ पडली. लीपिंग मा या संशोधिकेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी आणि चिनी प्राथमिक शिक्षकांना नेमकं हेच विचारलं होतं: पावणेदोन भागिले अर्धा. आधी सोडवा, मग यावर एखादं शाब्दिक उदाहरण रचा. मी खुर्चीत सरळ बसले. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी अर्थाच्या दृष्टीने बरोबर उदाहरण रचता आलं ते एकाला. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी माझ्यासारखंच दोघांत वाटून टाकलं होतं. ७२ चिनी शिक्षकांपैकी सुमारे ९० टक्क्यांना ते जमलं. खरी मेख पुढे आहे. अमेरिकी शिक्षकांकडे महाविद्यालयाच्या पदव्या होत्या. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांचं औपचारिक शिक्षण त्यांच्यापेक्षा कमी होतं.

हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

म्हणजे पदव्या निरुपयोगी, असा सोयीचा अर्थ मात्र काढता येत नाही. डॅन गोल्डहेबर आणि डॉमिनिक ब्रूअर यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांची आकडेवारी तपासली. शिक्षकाकडे कुठलीतरी पदव्युत्तर पदवी आहे एवढ्याने मुलांच्या गुणांत फरक दिसत नव्हता. ती पदवी गणितातली असेल तर गणिताच्या गुणांत दिसत होता. हा पुरावा सरळ माझ्या एम.एस्सी.च्या बाजूचा. मी हुरळले. मग डेव्हिड मंक यांचा १९९४ चा अभ्यास समोर आला. माध्यमिक शिक्षकाने गणिताचे जास्त अभ्यासक्रम केले की मुलांना फायदा होतो, पण पाचेक अभ्यासक्रमांनंतर तो फायदा ओसरत जातो. माझ्या पदवीत ते पाच केव्हाच होऊन गेलेत.

या सगळ्या गोंधळात मी बाईंना फोन केला. आम्हाला आठवी ते दहावी गणित शिकवणाऱ्या. आता निवृत्त आहेत. आवाज तसाच, खडूने फळ्यावर टकटक केल्यासारखा.

“बाई, एक विचारायचं होतं. बी.एड. करू की एम.ए. की एम.एस्सी.?”

“कुणाला शिकवायचंय?”

“शाळेत. गणित.”

“काय शिकवायचंय ते नाही विचारलं. कुणाला?”

मी गप्प.

“दहा वर्षांच्या पोराला की सतरा वर्षांच्या? सतराच्याला शिकवायचं तर एम.एस्सी. कर, तो तुला कोपऱ्यात गाठेल. मोठ्या माणसांना शिकवायचं, पुस्तकं करायची, धोरण ठरवायचं, तर ते तुझं एम.ए. कर. आणि हे ठरलंच नसेल तर पदवी कशाची निवडतेस?”

“ठरवते, बाई.”

“घरी बसून नाही ठरायचं. आठवडाभर रजा टाक आणि वर्गात मागच्या बाकावर बस. बघ, कंटाळा येतो का.”

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वर्गात त्यांनी माझी सोय लावून दिली. पाचवीचा वर्ग. बाक इतका लहान की गुडघे बाहेर काढून बसावं लागायचं.

पहिल्या दिवशी मी फक्त शिक्षिकेकडे बघत होते. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना शिकवताना बघतो. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. पण तो पाहतो ते प्रेक्षागृहातून. शिक्षकाने काय ठरवलं होतं, काय सोडून दिलं, कोणाच्या वहीकडे बघून वाक्य मध्येच बदललं, हे प्रेक्षकाला दिसत नाही. माझे ते १३,००० तास मी पुन्हा जगत होते आणि तसेच फुकट घालवत होते. टिपणवहीत मी काय लिहिलं होतं? ‘आवाज स्पष्ट. फळा नीटनेटका.’

तिसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. शिक्षिकेने फळ्यावर ०.२५ आणि ०.३ लिहिलं आणि विचारलं, मोठं कोणतं? दुसऱ्या रांगेतला एक मुलगा ताडकन म्हणाला, “पॉइंट पंचवीस. पंचवीस मोठे ना तीनपेक्षा.” मागे बसून माझे हात शिवशिवले. शून्य लाव की रे, ०.३० होतं, मग कळेल. मी शिक्षिका असते तर हे एका श्वासात सांगून मोकळी झाले असते. मुलाने शून्य लावलं असतं आणि त्याच्या डोक्यात पंचवीस तीनपेक्षा मोठेच राहिले असते.

शिक्षिकेने ‘चूक’ म्हटलं नाही. तिने फळ्यावर शून्य ते एक अशी संख्यारेषा काढली, तिचे दहा भाग केले आणि विचारलं, “पॉइंट पंचवीसमधला दोन कुठे बसेल?” आणि थांबली. मी घड्याळाकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार. वर्गात कोणी बोलेना. मला ती शांतता सहन होईना. सहाव्या सेकंदाला तो मुलगा उठला, फळ्यापाशी गेला, दुसऱ्या खुणेवर बोट ठेवलं, ते जरासं पुढे सरकवलं, तिसऱ्या खुणेच्या अलीकडेच थांबवलं आणि स्वतःशीच म्हणाला, “अरे हा.” जागेवर जाऊन बसला. शिक्षिका पुढच्या उदाहरणाला लागली, काही झालंच नाही अशी.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की या थांबण्यावरही संशोधन आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात, नाहीतर दुसऱ्याला विचारतात. ते तीन सेकंदांपर्यंत थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. दोन सेकंदांचा फरक. हे कुठल्या एम.एस्सी.त शिकवत असतील?

शेवटच्या दिवशी शिक्षिकेने मला दहा मिनिटं दिली. विषय साधा होता, समच्छेद अपूर्णांकांची बेरीज. मी फोनवर स्वतःचं ध्वनिमुद्रण केलं. रात्री ऐकलं. दहा मिनिटांत मी नऊ प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या सातांची उत्तरं मीच दिली होती. सगळ्यात लांब शांतता होती ती खडू पडला तेव्हाची.

लाज वाटली, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझ्यात नेमकं काय कमी आहे ते ऐकू आलं होतं. गणित नव्हे, निदान या वयाच्या मुलांपुरतं नव्हे. शिक्षणाचं तत्त्वज्ञानही नव्हे, जरी ते वाचायला मला आवडेल. मला थांबता येत नव्हतं, आणि समोरच्याचा विचार कुठून कुठे चाललाय ते दिसत नव्हतं. हे ज्यात शिकवतात तिथे मला जायला हवं होतं. स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमाराला ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सूक्ष्म अध्यापन’ सुरू केलं होतं. पाच-दहा मिनिटांचा पाठ, चारपाच विद्यार्थी, एकच कौशल्य, मग चित्रफीत पाहायची, चुका धरायच्या, पुन्हा शिकवायचं. मी शाळेत नकळत त्याचीच घरगुती आवृत्ती केली होती, फक्त पुन्हा शिकवायची संधी मिळाली नव्हती.

तेव्हापासून मी माहितीपत्रकात एकच पान शोधते. सराव पाठ किती, कोणत्या वर्गांवर, मागे बसून कोण बघणार, आणि बघून झाल्यावर माझ्याशी बोलणार की नुसती सही करणार. इंग्लंडच्या नियमांत प्रशिक्षणाचे किमान किती दिवस शाळेत घालवायचे ते ठरलेलं असतं. भारतात बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं तेव्हा शाळेतला काळ २० आठवड्यांपर्यंत वाढवला. कागदावरचे हे आकडे प्रत्यक्षात कसे उतरतात ते महाविद्यालयागणिक बदलतं, म्हणून मी पत्रक बाजूला ठेवून तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठते आणि सरळ विचारते: गेल्या महिन्यात वर्गासमोर किती वेळा उभी राहिलीस? चुकलीस तेव्हा कोणी काय सांगितलं? उत्तर द्यायला जिथे मुली घुटमळल्या ती दोन नावं मी यादीतून काढली. एका ठिकाणी एक मुलगी वीस मिनिटं एका फसलेल्या पाठाबद्दल सांगत राहिली. ते नाव वर गेलं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात काव्य नाही. फी हा लहान आकडा. मोठा आकडा म्हणजे दोन वर्षांचा न मिळणारा पगार आणि त्यानंतर आयुष्यभर मिळणारा कमी पगार. माझ्या तक्त्यात पहिला होता, दुसरे दोन नव्हते. घातले तेव्हा नवऱ्याला खरंच बोलावून शेजारी बसवलं. नोकरी सांभाळून, दूरस्थ पद्धतीने करण्याचा मोह झाला. पण सराव शाळेतच करावा लागतो आणि शाळा दिवसाच भरते.

एम.एस्सी.चं मात्र खरं सांगायला हवं. ती मला गणितासाठी हवी होती असं मी सगळ्यांना सांगायचे. हवी होतीही. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. एम.एस्सी. करताना पुन्हा दोन वर्षं मी बाकावर बसणार होते, जिथे मला छान बसता येतं. फळ्यापुढे उभं राहणं दोन वर्षं लांबणार होतं, आणि सहकाऱ्याला सांगायला ‘मास्तरीण होतेय’पेक्षा ‘मास्टर्स करतेय’ बरं वाटणार होतं.

माझ्या एका मैत्रिणीने नेमकं उलटं केलं. दहा वर्षं शाळेत शिकवल्यावर तिने एम.ए. शिक्षणशास्त्र घेतलं आणि आता ती पाठ्यसाहित्य तयार करते. जी पानं मला कोरडी वाटली ती वाचताना तिच्या डोळ्यांसमोर तीनशे मुलांचे चेहरे होते. मीही कदाचित पन्नाशीत करीन.

बी.एड.चा अर्ज भरलाय. ‘अध्यापनाचा अनुभव’ या रकान्यात दहा मिनिटं असं लिहायचा मोह झाला होता, ‘नाही’ लिहिलं.

भाचीला उत्तर द्यायला ‘उद्या’चे सात आठवडे झाले. मध्यंतरी तिच्या वर्गात प्रकरण संपून परीक्षाही झाली, तिला पूर्ण गुण मिळाले. तरी मी कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन गेले. एक अख्खी, दुसरी घड्या घालून पाव भाग कापून टाकलेली. पावणेदोन.

“यातून अर्ध्या अर्ध्या पट्टीचे तुकडे किती निघतील?”

तिने कापले. अख्ख्या पट्टीचे दोन, पाऊण पट्टीतून एक. हातात एक छोटा तुकडा उरला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

“तीन झाले. पण उरलाय तो पाव आहे. उत्तर साडेतीन आहे ना? मग अर्धा कुठाय?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. एक, दोन, तीन. तिने छोटा तुकडा टेबलावर ठेवला. चार, पाच. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. सात. तिने तो उचलून एका मोठ्या तुकड्यावर ठेवला, कडेला कड जुळवली. बरोबर निम्मा झाकला गेला.

“तुकड्याचा अर्धा,” ती म्हणाली. “पट्टीचा नाही.”

“हं.”

“आणि पाऊणने भागलं तर?”

ते मी घरून करून आणलं नव्हतं. मी मनात छेद जुळवायला लागले. तोवर तिने नवा कागद ओढला होता आणि कात्री शोधत होती.